ओसरीवरचा पाहुणा



एखाद्या लोकांच्या शेजारी राहणे वेगळे आणि त्या लोकांमध्ये राहणे वेगळे. व्याकरण पाहिले तर हा फरक एका शब्दयोगी अव्ययाचा आहे. आयुष्यात मात्र तो ओलांडायला कित्येकांना सारा जन्म पुरत नाही. आज ज्या दोन तरुणांविषयी मी बोलणार आहे, त्यांनी तो ओलांडण्याचा यत्न केला. एकाने मंगोलियाच्या माळरानावर केला, दुसऱ्याने आपल्या मुंबईच्या गल्ल्यांत आणि नाशिकच्या वाटेवर. दोघेही ख्रिस्ती मिशनरी होते. त्यांचा धर्म आपणांस पटतो की नाही, हा आजच्या बोलण्याचा विषय नव्हे. परक्या लोकांत त्यांचा दिवस कसा उजाडत होता आणि कसा मावळत होता, एवढेच मला पाहावयाचे आहे.

हा विचार मनात येण्याचे कारण मी राहतो ती वस्ती. बंगळूर शहराच्या आग्नेयेस एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांना जाणाऱ्या रस्त्यांवरून हे आद्याक्षरी नाव पडले. शेजारी अगर गावाचे जुने तळे आहे. आणि भोवती जी घरे उठली आहेत त्यांत सबंध भारतातील तरुण येऊन राहिले आहेत. पुणे, नागपूर, कोल्हापूर, लातूर येथून आलेले मराठी तरुणही त्यांत पुष्कळ. संगणकाच्या कचेऱ्यांत ते नोकरी करतात, खाणावळवजा वसतिगृहांत राहतात, सुटीच्या दिवशी गावी दूरध्वनी करतात. कित्येकांना कन्नड भाषेतील एकच वाक्य येते: ‘कन्नड गोत्तिल्ला’. म्हणजे, मला कन्नड येत नाही. कन्नड येत नाही हे सांगण्यापुरतेच कन्नड शिकायचे आणि तेवढ्यावर पाच-पाच, दहा-दहा वर्षे निभावून न्यायची, असा हा प्रकार आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही. काम दुसऱ्या भाषेत होते, भाजी दुसऱ्या भाषेत मिळते, मग शेजाऱ्याची भाषा शिकण्याची गरज उरत नाही. गरज उरली नाही म्हणजे माणूस शेजारीच राहतो, मध्ये येत नाही.

आता ज्याला गरज होती अशा एका तरुणाकडे वळू.

जेम्स गिल्मूर हा स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराजवळचा मुलगा. जन्म १८४३ चा. लंडन मिशनरी सोसायटीने त्याला १८७० साली चीनमध्ये पाठविले. त्याचे कार्यक्षेत्र मंगोलिया ठरले होते. पेकिंगला पोहोचून त्याला जेमतेम महिना झाला होता, तोच तिएन्त्सिन येथे परकीयांची मोठी कत्तल झाली. अशा वेळी सावध माणूस तटबंदीच्या आत राहतो. हा सत्तावीस वर्षांचा तरुण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडे निघाला आणि गोबीचे वाळवंट ओलांडून रशियाच्या सरहद्दीवरील क्याख्ता या गावी गेला. तेथे एका व्यापाऱ्याच्या घरी राहून, शिक्षक ठेवून मंगोल भाषा शिकण्याचा त्याचा विचार होता. परंतु घरात बसून भाषा पुढे सरकेना. तेव्हा तो उठला आणि त्या हिवाळ्यात माळावरील एका लामाच्या तंबूत राहावयास गेला.

मंगोलांचा तंबू म्हणजे लाकडी जाळीच्या चौकटीवर नमद्याचे आवरण घातलेले गोल घर. मध्यभागी चूल. वाळलेले शेण हेच जळण. वर धूर जाण्यास एक भोक. गिल्मूरची शाळा ती हीच. चुलीभोवती लोक बसत, बोलत, हसत, भांडत. आणि हा कोपऱ्यात बसून ऐके, ऐकलेले टिपून घेई, पुन्हा त्यांच्याच तोंडावर म्हणून पाही. पुस्तकातील भाषेत माणसे एका वेळी एकच वाक्य बोलतात. तंबूतील भाषेत चार जण एकदम बोलतात आणि निम्मी वाक्ये अर्धीच राहतात. ही दुसरी भाषा ज्याला आली त्यालाच ती भाषा आली, असे म्हणावयाचे.

भाषेइतकीच रीत शिकावी लागली. मंगोलाच्या तंबूकडे जाताना दुरूनच हाक द्यावयाची, म्हणजे घरची माणसे कुत्र्यांना आवरतात. ती कुत्री आपल्या धनगरवाड्यावरील कुत्र्यांसारखी, अनोळखी माणसाची गय न करणारी. घोड्यावरून उतरल्यावर चाबूक बाहेर ठेवावयाचा. चाबूक घेऊन आत जाणे म्हणजे यजमानाला कुत्र्यासारखे लेखणे. आत गेल्यावर आपापल्या तपकिरीच्या डब्या एकमेकांच्या हाती द्यावयाच्या, कुशल विचारावयाचे आणि मग चहा. हे सर्व न चुकता केले की पाहुणा माणसांत जमा होतो. न केले तर तो कितीही विद्वान असो, दाराबाहेरच.

एवढे करूनही संशय सुटत नाही. गिल्मूरने मोठ्या मिस्किलपणे नोंदविले आहे की, मंगोल मुलखात परक्याने एकट्याने टेकडीवर फिरावयास जाणेसुद्धा धोक्याचे. लोकांना वाटते, हा त्या जागेचे भाग्य हरण करावयास आला आहे. तो काही लिहीत बसला तर वाटते, हा मुलखाचा नकाशा काढतो आहे आणि उद्या याच्या पाठोपाठ फौज येणार आहे. एकोणिसाव्या शतकातील आशियाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो या संशयाला अडाणीपणा म्हणणार नाही. नकाशामागून फौजा आल्याची उदाहरणे थोडी नव्हती.

हा संशय थोडाफार निवळला तो औषधांच्या पेटीमुळे. गिल्मूर वैद्य नव्हता. परंतु खरूज, दुखरे डोळे, दाढदुखी, सांधेदुखी अशा नित्याच्या व्याधींवर चार औषधे जवळ बाळगणारा माणूस त्या माळावर धन्वंतरीच ठरला. एकदा हाड मोडलेला मनुष्य त्याच्यापुढे आणला गेला. शरीररचनेचे पुस्तक जवळ नाही, विचारावयास कोणी नाही. तेवढ्यात जमलेल्या लोकांत त्याला एक अत्यंत कृश मनुष्य दिसला. त्याच्या अंगावरील हाडे हाताने चाचपून त्याने सांगाडा कसा असतो ते ओळखले आणि त्या अंदाजाने मोडलेले हाड बसविले. ही हकीकत वाचताना हसू येते. पण जरा थांबून पाहिले तर तिच्यात सारे आले आहे. ज्यांना शिकवावयास आलो त्यांच्याच हाडांवरून त्याला शिकावे लागले.

१८८३ साली त्याने आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि इंग्लंडातील वाचकांनी ते उचलून धरले. त्याच्या उपदेशाने धर्मांतर केलेले मंगोल मात्र बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. १८८५ साली त्याची पत्नी वारली. मुलांना त्याने स्कॉटलंडला पाठवून दिले आणि १८९१ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिएन्त्सिन येथे तोही गेला.

मंगोलिया दूर आहे. परंतु गिल्मूरच्याही आधी साठ वर्षे असाच एक तरुण आपल्या ओसरीवर येऊन बसला होता, हे फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असते. त्याचे नाव गॉर्डन हॉल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात १७८४ साली जन्मलेला हा शेतकरी वळणाचा तरुण विल्यम्स कॉलेजात शिकला आणि १८१२ च्या फेब्रुवारीत भारताकडे निघाला. त्याच सुमारास निघालेली ही माणसे म्हणजे अमेरिकेने परदेशी पाठविलेली पहिली मिशनरी तुकडी.

त्यांचे स्वागत कसे झाले? कलकत्त्याला उतरताच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. आपल्या राज्यात धर्मोपदेशक नकोत, हे कंपनीचे धोरण होते. व्यापाराला गडबड सोसत नाही. त्यातच त्या वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांचे युद्ध जुंपलेले, म्हणजे हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट हे कसेबसे निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. येथेही तोच हुकूम वाट पाहत होता. मध्यंतरी ते गुपचूप एका गलबतातून कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांना परत आणण्यात आले. अखेर गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांनी मन मोठे केले. इकडे विलायतेत कंपनीची नवी सनद होऊन मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली होती. १८१३ च्या अखेरीस त्यांना राहू देण्याचे ठरले.

आपण आज ज्याला परवाना किंवा निवासाचे कागद म्हणतो, त्यांची चिंता वाहत त्या वर्षात या माणसाने काय केले असेल? तो मराठी शिकत होता. उद्या हाकलून दिले जाणार असलेल्या माणसाने आजचा धडा घोकावा, यात एक विलक्षण निश्चय आहे. साधने थोडी होती. मोल्सवर्थचा कोश निघावयास १८३१ साल उजाडावयाचे होते. सेरामपूरला विल्यम केरी यांनी नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली काढला होता. पण मुंबईच्या रस्त्यावरील बोली कोशात सापडत नाही. पुण्यास अजून दुसऱ्या बाजीरावाचे राज्य चालू होते. छापील मराठी पुस्तक मुंबईत दुर्मिळ वस्तू होती. तेव्हा शिक्षक म्हणजे एक पंडित आणि त्याच्याहून मोठा शिक्षक म्हणजे बाजार.

हॉलचा दिनक्रम साधा होता. रोज बाहेर पडावयाचे. देवळाच्या पायऱ्यांशी, विहिरीच्या काठी, दुकानाच्या फळीपाशी, जेथे चार माणसे असतील तेथे उभे राहावयाचे आणि बोलावयाचे. श्रोत्यांत कोणी ऐके, कोणी वाद घाली, कोणी हसून निघून जाई. त्याचे बोलणे मऊ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आपल्या देवदेवतांविषयी, सणांविषयी त्या पिढीतील मिशनरी जे बोलत आणि लिहीत, त्यात पुष्कळ कठोर आणि पुष्कळ अज्ञानाचे होते. समोरच्या शास्त्रीबुवांनीही आपले खडे बोल राखून ठेवले नव्हते. पुढे १८३१ साली मोरभट दांडेकर यांनी डॉक्टर विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जे संवाद केले ते प्रसिद्धच आहेत. त्या वादांत कोण जिंकले हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ते वाद मराठीत झाले. परक्याने यजमानाच्या भाषेत येऊन वाद घातला, म्हणून यजमानाला त्याला उत्तर देता आले. तो इंग्रजीतच बोलत राहिला असता तर वादही झाला नसता. झाला असता तो केवळ हुकूम.

शाळांचेही तसेच. १८१५ च्या सुमारास या मंडळींनी मुंबईत मराठी शाळा काढावयास आरंभ केला आणि दहा वर्षांत त्यांची संख्या वीसाच्या पुढे गेली. या शाळांत शिकविणारे पंतोजी बहुधा हिंदूच असत. उपदेशक परका, पंतोजी आपला, मुले सर्व थरांतील. १८२४ साली याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. मुलगी शिकली तर घराचे वाटोळे होईल, असे मानणाऱ्या काळात आईबापांनी मुलीला पाद्र्याच्या शाळेत धाडणे सोपे नव्हते. ज्यांनी धाडले त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. मला मात्र वाटते, त्या कथेतील खरे धाडस त्या आईबापांचे होते.

तिसरे काम छापखान्याचे. १८१६ साली होरेशियो बार्डवेल हा मुद्रणाचे काम जाणणारा मिशनरी आला, कलकत्त्याहून खिळे आले आणि १८१७ साली मिशनच्या छापखान्यातून पहिले मराठी चोपडे बाहेर पडले. ते चोपडे अर्थातच धर्मोपदेशाचे. परंतु खिळ्याला धर्म नसतो. जो जुळारी आज शुभवर्तमान जुळवितो तो उद्या पंचांग जुळवितो, आणि तसेच झाले. या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे शिळायंत्र उभारले आणि १८३१ साली मराठीतील पहिले छापील पंचांग काढले. पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरांचे सुबक ठसे घडविले. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत काव्यनाटकांच्या ज्या निर्णयसागरी आवृत्त्या आपल्या वाडवडिलांनी भक्तिभावाने सांभाळल्या, त्यांच्या अक्षरांच्या वळणाची वंशावळ अशी एका मिशनरी छापखान्यापर्यंत जाते. पाहुण्याने आणलेले बी यजमानाच्या परसात पडले आणि त्याला यजमानाच्या आवडीचे फळ धरले.

या सर्व काळात घरात काय चालले होते? सॅम्युएल नॉट प्रकृतीच्या कारणास्तव १८१५ साली मायदेशी परतला. दुसरा सोबती सॅम्युएल न्यूवेल. त्याची पत्नी हॅरिएट मुंबईस पोहोचलीच नाही. १८१२ साली मॉरिशस बेटावर अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ती वारली. न्यूवेल स्वतः १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. हॉलने १८१६ साली मुंबईत एका इंग्रज स्त्रीशी लग्न केले. १८२५ साली प्रकृतीसाठी तिला आणि दोन मुलांना अमेरिकेस पाठवावे लागले. बंदरावर निरोप झाला. वाटेत एक मूल दगावले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे १८२६ च्या मार्च महिन्यात, हॉल नाशिककडे फिरतीवर निघाला. बरोबर पुस्तके होती, औषधे होती, सोबतीला दोन तरुण होते. नाशिकास पोहोचतो तो गावात पटकीचा कहर माजलेला. ज्यांनी पटकीच्या साथी पाहिल्या नाहीत त्यांना त्या शब्दाचा धाक आता कळावयाचा नाही. सकाळी शेतात गेलेला माणूस सायंकाळी स्मशानात जात असे. १८१७ पासून ही साथ देशभर हिंडत होती आणि तिचे कारण कोणत्याच देशातील कोणत्याच वैद्याला ठाऊक नव्हते. ते जंतूंनी दूषित झालेल्या पाण्यात आहे हे कळावयास अजून कित्येक वर्षे जावयाची होती. हॉलने पुस्तके बाजूला ठेवली असे नाही. परंतु त्या दिवसांत लोकांनी त्याच्याकडे मागितले ते औषध, आणि त्याने वाटले तेही औषध. परतीच्या प्रवासास लागला तेव्हा पेटी जवळजवळ रिकामी झाली होती.

१९ मार्चच्या रात्री वाटेवरच्या एका खेड्यात तो देवळाच्या ओसरीवर मुक्कामास थांबला. तेथे आधीच आजारी माणसे पडलेली होती. उरलेसुरले औषध त्याने त्यांना दिले आणि तेथेच पथारी टाकली. पहाटे पुढच्या मजलेची तयारी करीत असता त्याला स्वतःला पटकीने गाठले. २० मार्च १८२६ रोजी, बेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास तीन आठवड्यांपेक्षाही कमी दिवस उरले असता, तो त्या खेड्यात मरण पावला. बरोबरच्या तरुणांनी खड्डा खणून त्याला पुरले. शवपेटी नव्हती.

क्षणभर त्या ओसरीचा विचार करावा. ज्या मूर्तिपूजेविरुद्ध हा मनुष्य तेरा वर्षे बोलला, तिच्याच देवळाने त्याला शेवटच्या रात्री आसरा दिला. वाटसरूला ओसरी नाकारावयाची नाही, ही आपली रीत त्याच्या कामी आली. आणि ज्यांनी त्याचा धर्म स्वीकारला नव्हता त्या अनोळखी आजाऱ्यांना त्याने आपली शेवटची पुडी दिली. ही त्याची रीत. त्या रात्री वाद नव्हता. दोन रीती एका छपराखाली शेजारी शेजारी निजल्या होत्या. की एकमेकींत मिसळल्या होत्या?

हिशोब मांडणाऱ्याने मांडावा. तेरा वर्षांत हॉलच्या हातून धर्मांतरे फारच थोडी झाली. ज्या मंडळाने त्याला पाठविले, त्याच्या वहीतील तो रकाना जवळजवळ कोराच राहिला. पण इतर रकाने पाहिले तर चित्र पालटते. त्याच वर्षी त्याच्या मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुलींच्या शाळांसाठी आली आणि पुढे अहमदनगरास गेली. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. त्याच मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र काढले, आणि त्याच मिशनच्या छायेत पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मराठी अभंगाचा वेष दिला. एकदा का तो वेष चढला, मग तो धर्मही परका राहिला नाही. तो मराठी घरातील एक घर झाला. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचले आहे त्याला हे निराळे सांगणे नको.

आणखी एक धागा आहे, तो मला बंगळूरला परत आणतो. हॉल आणि न्यूवेल यांनी १८१८ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. जगातील साठ कोटी लोकांकडे अमेरिकन ख्रिस्ती समाजाने लक्ष द्यावे, असे त्याचे मागणे होते. ते पुस्तक न्यूयॉर्कमधील जॉन स्कडर नावाच्या एका तरुण डॉक्टरच्या हाती पडले. तो आपला चालता धंदा सोडून १८१९ साली पूर्वेकडे निघाला, प्रथम सिंहलद्वीपास आणि पुढे मद्रासकडे. त्याची नात आयडा स्कडर हिने १९०० साली वेल्लोर येथे एका खाटेचा दवाखाना घातला. ते आजचे वेल्लोरचे विख्यात रुग्णालय. आसाम-बंगालपासूनचे रोगी तेथे येतात, बंगळूरचे तर येतातच. ज्याची औषधाची पेटी नाशिकच्या वाटेवर रिकामी झाली, त्याच्या शब्दांनी दक्षिणेत अशी एक पेटी उघडली गेली, जी अद्याप रिकामी झालेली नाही. हे त्याला ठाऊक नव्हते. पेरणाऱ्याला पुष्कळदा पीक पाहावयास मिळत नाही.

मग माझ्या वस्तीतील तरुणांना या कथेतून काय सांगावयाचे? त्यांनी मिशनरी व्हावे, असे मी म्हणत नाही. ते कोणाला काही शिकवावयास आलेले नाहीत. पोट भरावयास आले आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. परंतु ज्याला केवळ पोट भरावयाचे आहे त्यानेही अन्न देणाऱ्या घराची भाषा शिकावी, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. कर्नाटकातच पाहा. फर्डिनंड किटेल नावाचा जर्मन तरुण १८५३ साली एकविसाव्या वर्षी बासेल मिशनतर्फे येथे आला. धारवाड, मंगळूर, मडिकेरी या भागांत राहिला, आणि १८९४ साली त्याचा सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश मंगळुरास छापून निघाला. त्याने किती माणसे ख्रिस्ती केली हे आज कर्नाटकात कोणी विचारीत नाही. त्याने किती शब्द वेचले हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. बंगळूरच्या एका वस्तीला त्याचे नाव आहे.

सत्तर हजार शब्द फार झाले. सत्तर पुरतील. भाजीवालीला तिच्या भाषेत भाव विचारावा, रिक्षावाल्याला त्याच्या भाषेत वाट विचारावी, घरमालकाच्या म्हाताऱ्या आईला तिच्या भाषेत ‘जेवण झाले का’ म्हणावे. ‘ऊट आयता’ हे दोनच शब्द आहेत; पण ते म्हटल्यावर समोरचा चेहरा कसा उजळतो ते पाहावे. मराठीत आणि कन्नडात ओळख जुनी आहे. विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणणारे आपण. आपल्या घरातील ‘अण्णा’, ‘अक्का’ आपण कोठून आणले हे आपणच विसरलो आहोत. तेव्हा मराठी माणसाला हा उंबरठा ओलांडणे, मंगोलाच्या तंबूत शिरणाऱ्या स्कॉटिश तरुणापेक्षा किती तरी सोपे आहे. चाबूक तेवढा बाहेर ठेवावयास हवा. आपल्याकडे चाबूक नसतो, खरे. पण आपल्याच गावाची, आपल्याच भाषेची, आपल्याच जेवणाची थोरवी येता-जाता फडकाविण्याची सवय असते. ती दाराबाहेर ठेवली म्हणजे झाले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्याने रीत पाळावी, तशी यजमानानेही ओसरी मोकळी ठेवावी. मुंबईने, पुण्याने, बंगळुराने, सगळ्याच मोठ्या शहरांनी हे ध्यानात ठेवण्याचे दिवस आहेत. बाहेरून आलेला माणूस टेकडीवर एकटा फिरू लागला की तो आपले भाग्य लुटावयास आला, असे वाटणारे लोक केवळ मंगोलियातच नसतात. भीती खरी असू शकते, कधी कधी तिला कारणही असते. परंतु नाशिकच्या वाटेवरील त्या खेड्याने रात्री दाराशी आलेल्या परक्याला, तू कोणता देव मानतोस, असे विचारले नाही. प्रथम त्याला पथारी टाकू दिली.

भाषा जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी वाढते आणि गावे पाहुण्यांनी मोठी होतात. पाहुणा ओसरीवर बसला आहे तोवर तो शेजारी आहे. त्याने घरच्या भाषेत पाणी मागितले आणि घरच्याने ते हातात दिले, की तो मध्ये आला.